गाडीखालचा डाग आणि खानदेशचा रस्ता

धुळ्याचे दळणवळण रुळांपेक्षा रस्त्यांनी घडवले. मुंबईहून निघालेला मुख्य लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला. धुळ्याला १९०० मध्ये चाळीसगावहून फक्त एक फाटा मिळाला. रस्त्यांचे मात्र उलट झाले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदतात, आणि दुसरा पुढे जळगाव-भुसावळला जातो. अशा चौफुलीवर मिस्त्रीचा धंदा रुजणे स्वाभाविक होते. त्या धंद्यातले एक मोलाचे ज्ञान म्हणजे गाडीखालच्या डागावरून बिघाड ओळखणे. आज हे ज्ञान रंगांच्या यादीपुरते उरले आहे. त्याचा गाभा मात्र रंग नव्हता, जागा होती.

याचा पुरावा जुन्या गाड्यांच्या रचनेतच आहे. टेल्कोचे बेंझ ट्रक १९५४ मध्ये बनू लागले, त्या दशकाच्या अखेरीस अॅम्बेसेडर आली. त्या काळी रेडिएटरमध्ये बहुधा साधे पाणीच भरत, म्हणजे हिरव्या-गुलाबी कूलंटचा प्रश्नच नव्हता. वापरलेले इंजिन ऑइल काळे, गिअर ऑइलही धुळीत मिसळले की तसेच दिसणारे. मग मिस्त्रीला डाग कुठे पडला हेच पाहावे लागे: इंजिन आणि गिअर बॉक्सच्या सांध्याखाली असेल तर मागचे ऑइल सील, चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेकचा सिलिंडर किंवा हाऊसिंगचे सील. त्यानंतर वास आणि बोटांवरचा स्पर्श. अॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात मागे रबरी सील नव्हते. शाफ्टवरचे आटे तेल परत आत ढकलत आणि गाडी थांबली की थोडे तेल झिरपे. म्हणून नेहमीचा थेंब आणि नवी गळती यांतला फरक कळणे हेही कौशल्यच होते.

यावर कोणी म्हणेल, गाड्या सगळीकडे त्याच, मग यात खानदेशचे काय? उत्तर हवामानात आणि घाटांत आहे. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेले तेल पातळ होऊन थकलेल्या सीलमधून लवकर बाहेर येते, आणि साधे पाणी गळून कमी झाले की इंजिन झटकन तापते. उत्तरेला बिजासन घाट, दक्षिणेला कन्नड घाट. तिथल्या उतारावर ब्रेक ऑइलची गळती जिवावर बेतते. दुसरीकडची हयगय इथे परवडणारी नव्हती.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. पुढे रंगीत कूलंट, पॉवर स्टीअरिंगचे लालसर ऑइल आणि एसीचे निरुपद्रवी पाणी गाडीखाली दिसू लागले. रंग उपयोगी झाला, पण कूलंटचे रंग कंपनीगणिक बदलतात. केवळ रंगावर विसंबणारा फसतो. आता स्कॅनर आहे, मग वाकून पाहायचे कशाला, हा आक्षेपही खरा वाटतो. स्कॅनर तापमान वाढल्याचे सांगतो, ब्रेकचा दिवा ऑइल कमी झाल्याचे सांगतो; ते कोणत्या सांध्यातून गेले हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही. म्हणून आयटीआयमध्ये आणि ड्रायव्हिंग शाळेत स्कॅनरबरोबर ही जुनी विद्याही शिकवली पाहिजे: रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकावा, सकाळी डागाची जागा आधी पाहावी, मग वास आणि रंग. चाकाजवळचा डाग ब्रेक ऑइलचा निघाला, तर घाटाकडे निघूच नये.