शिकल, रोगण आणि फवारा

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास सांगताना शिकलगार घराण्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सितार व तंबोरा घडविण्याची जी परंपरा या नगरीत रुजली, तिच्या आरंभी फरीदसाहेब व मोईनुद्दीन ही नावे सांगितली जातात. शस्त्रे उजळणे व दुरुस्त करणे हा या कुळाचा मूळ व्यवसाय होय. 1818 मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर शस्त्रांची मागणी ओसरत गेली आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हे कारागीर वाद्यनिर्मितीकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सितारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. हे स्थित्यंतर परिचित आहे. परंतु त्या कुलनामात साठविलेल्या तांत्रिक विचाराकडे सहसा लक्ष जात नाही.

‘शिकलगार’ हा शब्द अरबी ‘सैकल’ला फारसी ‘गर’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागून सिद्ध झाला आहे. मूळ धातूचा अर्थ घासून गुळगुळीत करणे असा आहे. ‘झिलई’च्या मुळाशी असलेल्या ‘जिला’ या अरबी शब्दातही स्वच्छ होणे, उघड होणे हा भाव आहे. या शब्दांनुसार तेज हे वस्तूवर बाहेरून चढत नाही. गंज व मळ गेल्यावर ते प्रकटते. याउलट ‘रोगण’ हा फारसीतील तेलवाचक शब्द, आणि ‘कल्हई’ हा कथिलाच्या अरबी नावावरून आलेला. हे दोन्ही शब्द लेपाची नावे आहेत. लेपापूर्वीच्या शुद्धीविषयी ते मौन पाळतात. प्रत्यक्षात कल्हईवाला भांडे घासतो, तापवितो व नवसागर टाकतो. नवसागराच्या वाफेने तांब्यापितळेवरील गंजाचा पापुद्रा निघतो आणि मगच कथील धरते.

‘रंगकाम’ हा आजचा शब्द या दुसऱ्या वर्गातील आहे. घरच्या घरी वाहन रंगविणाऱ्याची फसगत होते ती येथेच: नाव रंगाचे असल्यामुळे त्याचे सारे लक्ष रंगावर राहते. वास्तविक बहुतेक दोष पहिल्या फवाऱ्यापूर्वीच निश्चित झालेले असतात.

पूर्वी घोडागाड्यांवर चढविले जाणारे तेलाचे रोगण सुकण्यास फार वेळ घेई, आणि तोवर धुळीचा धोका राही. 1923 च्या सुमारास ड्यू पाँ कंपनीचे झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर फवाऱ्याने वापरले गेले. धुळीला मिळणारा अवधी घटला. परंतु स्निग्धता व ओलावा हे शत्रू अधिक ठळक झाले. तेल, मेण किंवा सिलिकोनयुक्त पॉलिशचा अंश पत्र्यावर उरला, तर तेथील पृष्ठताण कमी असल्याने ओला रंग मागे सरतो व माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबणाने धुणे, नंतर स्निग्धता काढणाऱ्या द्रावकाने पुसणे, त्यानंतरच पॉलिश पेपरने घासणे. क्रम उलटल्यास तेल ओरखड्यांत दाबले जाते. घासल्यावर पुन्हा एका स्वच्छ फडक्याने द्रावक लावून, ते वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. त्यापुढे पत्र्यास उघडा हात लावू नये.

हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते अडविणारी गाळणी नळीत नसल्यास थेंब रंगात उतरतात. पावसाळ्यात आणखी एक संकट असते. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि नायट्रोसेल्युलोजच्या थरावर पांढुरकी झाक येते. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याच्या पॉलिशलाही दमट हवेत असाच पांढुरकेपणा येऊ शकतो. धुळीसाठी जमीन ओली ठेवावी, अंगावरचे लोकरी वा धुळकट कपडे टाळावे आणि चिकट फडके हलकेच फिरवावे. मात्र धूळ टाळण्यासाठी खोली कोंदट करणे घातक आहे: द्रावकाच्या वाफा पेट घेतात, आणि आयसोसायनेटयुक्त दुघटकी रंग दम्यासारखा विकार जडवू शकतो. गाळलेली खेळती हवा व योग्य श्वसनसाधन यांवाचून असे काम हाती घेऊ नये. दुघटकी रंग तर घरी वापरूच नये.

तरवार, सितार व मोटार यांचे द्रव्य भिन्न, काळही भिन्न. पण मळलेल्या पृष्ठावर चढविलेला लेप मळ लपवीत नाही, उलट तो कायमचा नोंदवून ठेवतो. ही नोंद टाळण्याचे श्रम ज्या नावात स्पष्ट सांगितलेले आहेत, ते मिरजेत अजून आडनाव म्हणून जिवंत आहे. परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘रंगकाम’ या शब्दापूर्वी ‘पृष्ठशुद्धी’सारखा एखादा शब्द कामाच्या यादीत स्वतंत्रपणे मांडला, तर शिकणाऱ्याला त्या श्रमांचे मोल आरंभीच कळेल.