दारं धरणारं यंत्र

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना दारं धरणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पाटाचे पाणी एका वाफ्यात सोडायचे, वाफा भरत आला की मातीने त्याचे तोंड बांधायचे आणि पुढच्याचे उघडायचे. काम साधे दिसते, पण त्यात तीन गोष्टी आहेत. पाणी कुठवर आले ते पाहणे, कुठवर यायला हवे ते ध्यानात ठेवणे, आणि या दोहोंत जो फरक दिसेल त्याप्रमाणे फावडे चालवणे. डोळा लागला की वाफा फुटलाच म्हणून समजा! स्वयंचलित यंत्रांचा इतिहास म्हणजे हे दारं धरण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे कसे गेले, त्याचा इतिहास होय.

आणखी एक गोष्ट. जाणता माणूस वाफा शेवटपर्यंत भिजायची वाट पाहत नाही. तोंड बांधल्यावरही आतले पाणी पुढे सरकतच असते, म्हणून तो जरा आधीच हात आवरतो. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे तिचे काम पडणार आहे.

इंग्लंडात १७८८ मध्ये जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन लोखंडी गोळे बसवले. इंजिनाचा वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे. वेग उतरला की गोळे खाली येत आणि झडप उघडे. इंजिन जणू स्वतःच स्वतःची दारं धरू लागले. हीच युक्ती पवनचक्क्यांत आधीपासून वापरात होती. वॉटने ती इंजिनाला लावली आणि कारखान्यांचा वेग त्या गोळ्यांच्या हाती गेला.

पण पुढे एक विचित्र अनुभव येऊ लागला. काही इंजिने दुरुस्तीच्या नादात अधिकच बिघडत. वेग वाढला की झडप फार मिटायची, मग वेग फार उतरायचा, मग झडप फार उघडायची. असे हेलकावे सुरू झाले की थांबता थांबत नसत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. त्याचे सार आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहेच : दुरुस्ती उशिरा आणि उतावळेपणाने केली, तर तीच नवी चूक होऊन बसते.

१९२७ मध्ये अमेरिकेत हॅरोल्ड ब्लॅक या टेलिफोनच्या इंजिनिअराने हीच कल्पना विजेच्या प्रवाहाला लावली, आणि दूरच्या फोनवरचा आवाज स्वच्छ झाला. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर याने प्राणी आणि यंत्रे यांच्यातील नियंत्रणाचे एकच शास्त्र असावे, असा विचार ग्रंथरूपाने मांडला. लोखंडी गोळ्यांची जागा पुढे संगणकाने घेतली. आजच्या कारखान्यात संवेदक पाहतो, संगणक ठरवतो आणि मोटार हात चालवते. तिघांची नावे नवी, पण काम वाफ्यावरचेच.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक आहे, पण हिंगोलीशी त्याचा संबंध काय? सांगतो. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. पुण्याचे आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा तीत वाटा आहे.

या वेधशाळेत दुर्बीण नसते. काटकोनात दोन लांब नळ्या असतात, प्रत्येकी ४ किलोमीटरची, आतली हवा काढून घेतलेली. लेसरचा किरण दुभंगून दोन्हींत जातो आणि टोकाच्या आरशांवरून परततो. अवकाशात फार दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर गुरुत्वाची लाट येते आणि एक नळी किंचित लांब, दुसरी किंचित आखूड होते. किती? एका प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! अशी पहिली लाट अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. लाटांची ओळख गोंगाटातून कशी पटवावी, यावर आपल्या आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच काम केले होते.

एवढा बारीक फरक मोजायचा, आणि खाली जमीन तर सदोदित हलते आहे. वारा, रस्त्यावरचा ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, सगळ्यांनी ती हलते. खुद्द हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. म्हणून ४० किलो वजनाचा प्रत्येक आरसा चार मजली लोलकाला काचेच्या तंतूंनी टांगतात. हा लोलक ज्या मंचाला टांगलेला असतो, तो जमिनीची हालचाल ओळखून उलट दिशेने सरकतो. संगणक सेकंदाला सोळा हजारांहून अधिक वेळा स्थिती पाहतो आणि आरशाला हलकेच जागेवर ठेवतो. लांबच्या भूकंपाची वर्दी मिळाली, तर यंत्रणा आपला पवित्राही बदलते.

येथे मॅक्सवेलचा धडा पुन्हा भेटतो. आरशाला जरुरीपेक्षा जास्त ढकलले, तर त्या ढकलण्याचाच गोंगाट होतो आणि लाट त्यात बुडून जाते. आणखी गंमत पाहा. आरसा जागेवर धरून ठेवला म्हणजे लाट दिसणार कशी? तर किती चूक झाली आणि ती सावरायला किती जोर लावावा लागला, याच्या नोंदीतूनच ती वाचायची. दारं धरणाऱ्याच्या फावड्याचे फटके मोजून पाटाला किती पाणी आले ते ओळखावे, तसा हा प्रकार.

यंत्र आरसा सांभाळील. पण दोन गोष्टी त्याच्या हाती नाहीत. आसपासची शांतता ही एक. जड वाहतूक, खाणी, स्फोट यांना आवर घालायचा तो शेजारच्या माणसांनीच. म्हणजे या वेधशाळेच्या कामात औंढ्याची गावेही सहभागी आहेत. दुसरी गोष्ट त्या गावांच्या पदरात काय पडणार ही. मराठवाड्यातून पोटासाठी ऊसतोडीला बाहेर पडणारी बिऱ्हाडे आपण पाहतो. त्यांच्याच मुलखात जगातले एक अतिसूक्ष्म यंत्र उभे राहील. त्याच्या फाटकावर पहारा करायला हिंगोलीची मुले लागतील, की आत बसून त्याची दारं धरायला?

अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेजवळ शाळकरी मुलांसाठी विज्ञानकेंद्र काढले आहे. आपल्याकडे तर पंपाची मोटार उघडून पुन्हा जोडणारी मुले गावोगाव आहेत. त्यांना निर्वाताचे, विजेचे, संगणकाचे शिक्षण जिल्ह्यातच मिळाले पाहिजे, आणि तेही वेधशाळा पुरी व्हायच्या आधी. पाणी शेवटाला पोचल्यावर तोंड बांधायला धावून उपयोग नसतो, हे या मुलांच्या घरी कोणाला शिकवायला नको. योजना आखणाऱ्यांनी मात्र ते वेळेवर ध्यानात घ्यावे.