लाखामागे किती? तुरुंगाच्या आकड्यांची गोष्ट

मागच्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फॉरवर्ड मला पाठवला. त्यात लिहिलं होतं की भारतात लाख लोकांमागे फक्त ४० कैदी आणि अमेरिकेत पाचशेच्या वर, म्हणजे बघा आपण किती सभ्य. खाली त्याचा प्रश्न: "दादा, हे खरं आहे काय?"

आकडे खरे आहेत. निष्कर्षाचं मात्र बघावं लागेल, आणि त्यासाठी मी सुरुवात मिठापासून करणार आहे.

मी तेल्हाऱ्याचा. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. याच पट्ट्यात, आपल्याच जिल्ह्यात, दहिहांडा आहे. एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांपुढे प्रश्न होता, समुद्र आणायचा कुठून? त्यांनी दहिहांड्याच्या विहिरींचं खारं पाणी आटवलं आणि मीठ काढलं. ज्या पाण्याला आम्ही आजही शिव्या देतो, त्याच पाण्याने कायदा मोडला! मग जुलैमध्ये लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं. तोही गुन्हा.

त्या वर्षी देशभरात सुमारे ६० हजार माणसं तुरुंगात गेली. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि त्यातली हजारो सुटली. आता समजा, कोणी फक्त तुरुंगाचं रजिस्टर पाहिलं असतं. त्याला वाटलं असतं, १९३० मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार एकदम वाढले आणि वर्षभरात सुधारलेसुद्धा. प्रत्यक्षात बदलला होता तो सरकारचा निर्णय.

हे फक्त गुलामीतल्या देशात होतं असं समजू नका.

अमेरिका घ्या. १९७२ मध्ये तिथे लाखामागे सुमारे १६० लोक कोठडीत होते. २००७-०८ पर्यंत तो आकडा साडेसातशेच्या पुढे गेला, एकूण कैदी २३ लाखांच्या घरात. मधल्या काळात काय झालं? निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली, सक्तीच्या किमान शिक्षा आल्या, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप असे कायदे झाले. गंमत म्हणजे १९९० नंतर तिथले गुन्हे कमी होत गेले, तरी कैदी वाढतच राहिले. कोणी म्हणेल, कैदी वाढले म्हणूनच तर गुन्हे कमी झाले. थोडा परिणाम असेलही. पण शेजारच्या कॅनडातही त्याच काळात गुन्हे घटले, आणि तिथे आकडा लाखामागे शंभराच्या आसपासच होता.

उलटं उदाहरण फिनलंडचं. १९५० च्या सुमारास तिथे लाखामागे जवळपास २०० कैदी होते, शेजारच्या स्वीडन-नॉर्वेपेक्षा कितीतरी जास्त. मग तिथले न्यायाधीश, अभ्यासक, खासदार यांनी ठरवलं की हे काही बरोबर नाही. चोरीच्या शिक्षा कमी केल्या, दंड आणि समाजसेवेच्या शिक्षा वाढवल्या. १९९० च्या दशकाअखेर आकडा साठच्या आसपास आला. तेवढ्या काळात गुन्ह्यांचा आलेख मात्र शेजाऱ्यांसारखाच चढला-उतरला. नेदरलँड्सची तर तऱ्हाच न्यारी. तिथे तुरुंग इतके ओस पडले की २०१५ ते २०१८ एक अख्खा तुरुंग नॉर्वेला भाड्याने दिला होता. हो, भाड्याने, कैदी नॉर्वेचे आणि इमारत डच.

आणि आज सगळ्यात वर एल साल्वाडोर. मार्च २०२२ पासून तिथे आणीबाणी आहे आणि लाखामागे हजाराच्या वर माणसं आत आहेत. खून खूप कमी झाले हे खरं, बहुतेक लोक सरकारवर खूश आहेत हेही खरं. पण हजारो निर्दोष लोक पकडले गेले आणि नंतर सोडावे लागले, हे खुद्द सरकारनेच कबूल केलं. तेवढे दिवस त्यांना परत कोण देणार?

आता आपल्याकडे या. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, आणि जागा ४,३६,२६६ जणांची. पण खरा आकडा पुढे आहे: त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे शंभरातले ७६ जण असे की ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जगात हे प्रमाण साधारण तिनात एक असं आहे. आपल्याकडे चारात तीन. १९७५ मध्ये ते ५७ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि तेव्हाच लोकांना धक्का बसला होता. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर बिहारचे असे कैदी आले, जे गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त दिवस नुसते वाट बघत आत बसले होते. लवकर खटला चालणं हा मूलभूत हक्क आहे, असं कोर्टाने तेव्हा सांगितलं. त्यानंतर टक्केवारी वाढली.

तर फॉरवर्डमधला तो ४०. शिक्षा झालेलेच मोजले तर लाखामागे दहासुद्धा भरत नाहीत. उरलेले तीस तारखेची वाट बघतायत.

मी नववीत असताना आमच्या गल्लीतला एक पोरगा वावरातली मोटार चोरल्याच्या आळावरून पकडला गेला. दोन आठवड्यांत जामीन मंजूर झाला. पण जामीनदार पाहिजे, आणि जामीनदाराचा सातबारा पाहिजे. त्याच्या घरी जमीन नव्हती. त्याची माय आमच्या घरी आली. बाबा तयार होते, पण आमच्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. आई आतून म्हणाली, "एवढं एकच वावर हाये, त्याचा कागद कोर्टात कायले गुतवता? पोट्टं पयालं तं?" बाबा गप्प बसले. तो पोरगा सात महिने आत राहिला. पुढे बऱ्याच वर्षांनी निर्दोष सुटला.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, कलम ४७९. पहिल्यांदाच आरोपी असेल तर, काही गंभीर गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायचं. चांगलं आहे. पण साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष काढा. आमच्या पोराला उपयोग शून्य, त्याला तर जामीन मिळालेलाच होता. त्याच्या कामाचा आदेश दुसरा आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामीन मिळूनही महिन्याभरात जामीनदार देता आला नाही, तर कोर्टाने अट शिथिल करण्याचा विचार करावा. तुमच्या ओळखीत असं कोणी अडकलं असेल तर विधी सेवेचा १५१०० हा नंबर आहे, वकील फुकट मिळतो. हे तिथे नक्की सांगा.

रेकॉर्डिंगच्या आधी मी आईला विचारलं, आठवते काय ते? म्हणाली, "बोजा होता ना तवा." आणि भाजी निवडत बसली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "त्याची माय कुठं असते आता?"