५१२ की २०४८? जुने युनिक्स आणि सीडी-रॉम ड्राइव्ह यांच्यातल्या भांडणाचा इतिहास

#थ्रेड

१९९०च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या संगणककक्षांत एक प्रसंग वारंवार घडत असे. सन मायक्रोसिस्टिम्सचे वर्कस्टेशन, त्याला स्कझी केबलने जोडलेला सीडी-रॉम ड्राइव्ह आणि त्यात युनिक्सची कोरी करकरीत तबकडी. 'बूट सीडीरॉम' अशी आज्ञा दिली की ड्राइव्हचा दिवा लुकलुके, तबकडी फिरल्याचा आवाज येई आणि यंत्र त्रुटीचा संदेश देऊन जागच्या जागी थांबे. तबकडी चांगली, केबल चांगली. ड्राइव्हही चांगला, कारण तोच ड्राइव्ह शेजारच्या पीसीला जोडला तर बिनतक्रार चाले. मग बिघाड होता कुठे?

बिघाड कुठेच नव्हता. दोन यंत्रे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजत होती, एवढेच. दशमान पद्धत रुळण्यापूर्वी एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारात चालत नसे, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की बाजारात निदान भांडण तरी होई. इथे दोन्ही पक्ष आपापल्या मापाने अगदी प्रामाणिकपणे वागत आणि माल मात्र चुकीचा पोहोचे.

यातले पहिले माप ५१२. १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये युनिक्स वाढले ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ या संगणकावर. त्याच्या आरके०५ या डिस्कचा एक सेक्टर १६ बिटांच्या २५६ शब्दांचा, म्हणजे ५१२ बाइटांचा होता. युनिक्सच्या सुरुवातीच्या फाइल-प्रणालीनेही हाच ५१२ बाइटांचा ब्लॉक स्वीकारला. पुढे बर्कलीच्या युनिक्सने वेगासाठी मोठे ब्लॉक आणले, परंतु डिस्कचा सेक्टर ५१२चाच राहिला. ही संख्या कोणी गणिताने सिद्ध केलेली नव्हती. ती एका विशिष्ट यंत्राकडून वारशाने आली आणि पुढच्या पिढ्यांनी ती निसर्गनियमासारखी गृहीत धरली.

दुसरे माप २०४८. याची कुळकथा अगदी निराळी, कारण सीडी जन्माला आली ती संगीतासाठी. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनी-सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा २३५२ बाइटांचा असतो. गाण्यातला एखादा अंश वाचता आला नाही तर यंत्र आजूबाजूचे पाहून तो भरून काढते आणि कानाला ते कळतही नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र एक बिट इकडचा तिकडे झाला तरी सगळे कोसळू शकते. म्हणून सोनी आणि फिलिप्स यांनी १९८३ मध्ये सीडी-रॉमसाठी जो 'यलो बुक' नावाचा दंडक केला, त्यात २३५२ पैकी ३०४ बाइट जुळवणी, पत्ता आणि त्रुटी-दुरुस्ती यांच्यासाठी राखून ठेवले. उरले २०४८. म्हणजे हे माप आले कानाच्या सोयीतून आणि ते आले तेव्हा युनिक्स कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

आता हिशेब पाहा. वर्कस्टेशनच्या मदरबोर्डावरच्या रॉममध्ये बसवलेला छोटा प्रोग्रॅम ड्राइव्हला सांगतो, "चौथ्या क्रमांकाचा ब्लॉक दे." त्याच्या मते चार गुणिले ५१२, म्हणजे तबकडीच्या आरंभापासून २०४८व्या बाइटावरचा मजकूर. ड्राइव्हच्या मते चार गुणिले २०४८, म्हणजे ८१९२व्या बाइटावरचा. शून्य क्रमांकाच्या ब्लॉकचा आरंभ दोघांच्याही हिशेबाने एकच, म्हणून पहिले पाऊल कधीकधी बरोबर पडे. पुढचे प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा अधिक दूर जाई.

यातली खरी मेख निराळीच होती. युनिक्स एकदा सुरू झाले की त्यातला ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्रॅम, स्कझीच्या 'मोड सिलेक्ट' या आज्ञेने अनेक ड्राइव्हांचे माप बदलून घेऊ शकत असे. पण युनिक्स सुरू होण्यासाठीच तर ती तबकडी वाचायची होती! रॉममधल्या छोट्या प्रोग्रॅमला एवढी समज नव्हती. वीज मिळताक्षणी ड्राइव्ह स्वतःहून ५१२ ने मोजू लागला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा असे. म्हणून जो ड्राइव्ह चालू यंत्रावर उत्तम काम करी, तोच स्थापनेच्या वेळी निरुपयोगी ठरे. तेव्हाच्या कितीतरी तंत्रज्ञांनी या लक्षणाचा अर्थ 'ड्राइव्ह अधूनमधून बिघडतो' असा लावला असेल, आणि त्यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

यावरचे उपाय अक्षरशः हातांनी करण्याचे होते. प्लेक्स्टरच्या अनेक ड्राइव्हांवर ब्लॉकचे माप ठरवणारा जंपर असे. दोन खिळ्यांवर प्लास्टिकची इवलीशी टोपी बसवली किंवा काढली की काम झाले. तोशिबाच्या एक्सएम-३४०१ या लोकप्रिय ड्राइव्हात मात्र सर्किट-बोर्डावरच्या सोल्डरच्या बारीक जोडण्यांना हात घालावा लागे. कार्यप्रणाली बसवायची म्हणून हाती सोल्डरिंग आयर्न धरण्याची वेळ यावी, ही आज विनोदी वाटणारी गोष्ट त्या काळी रीतसर उपाययोजना होती. ज्यांना हे नको असे ते यंत्राच्या निर्मात्याकडून त्याच्या शिक्क्याचा, आधीच ५१२ वर लावलेला ड्राइव्ह घेत.

मापाचा प्रश्न सुटला तरी पत्त्याचा उरे. स्कझीच्या एका केबलवर अनेक उपकरणे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक लागतो. सनच्या यंत्रांची अपेक्षा अशी की सीडी-रॉम ६ क्रमांकावर असावा आणि पहिली हार्ड डिस्क ३ वर. पहिली डिस्क शून्यावर नसून ३ वर का, हे नवख्याला कधीच उमगत नसे. ड्राइव्हचा क्रमांक वेगळा असेल तर 'बूट सीडीरॉम' ही आज्ञा रिकाम्या घराचे दार ठोठावी. 'प्रोब-स्कझी' या आज्ञेने केबलवर कोण कोण हजर आहे ते कळे, आणि जाणता माणूस तिथूनच सुरुवात करी. शिवाय साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, नाहीतर संकेत टोकावरून उलटून परत येत आणि कधी चालणारे, कधी न चालणारे असे सर्वांत छळवादी दुखणे मागे लागे.

सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांचा मामला आणखी पुढचा. तिथेही ५१२ची अट होतीच, त्यातून त्यांच्या आयरिक्स या युनिक्सच्या तबकड्यांवर ईएफएस ही कंपनीची स्वतःची फाइल-प्रणाली असे. अशी तबकडी साध्या पीसीत घातली तर ती कोरी किंवा खराब असल्याचा भास होतो. हे पुढे लक्षात ठेवायचे आहे.

महागड्या वर्कस्टेशनांच्या जगाबाहेर, घरगुती पीसीवर, याच सुमारास मुक्त युनिक्सचा उदय होत होता. १९९२ मध्ये विल्यम आणि लिन जोलिट्झ यांचे ३८६बीएसडी आले. १९९३ मध्ये त्यातून फ्रीबीएसडी निघाले आणि कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक सीडीरॉम या कंपनीने त्याच्या तबकड्या विकायला घेतल्या. इथे ५१२ आणि २०४८ यांचे भांडण फारसे आडवे आले नाही. कारण इथे त्याहून मोठी बजबजपुरी होती.

पीसीच्या सीडी-रॉम ड्राइव्हांना तेव्हा एकच एक जोडणी नव्हती. सोनीची वेगळी, मित्सुमीची वेगळी, पॅनासॉनिकची वेगळी. यांतले बरेच ड्राइव्ह साउंड कार्डाला जोडले जात. मित्सुमी आणि पॅनासॉनिक यांची केबल ४० पिनांची, दिसायला हुबेहूब हार्ड डिस्कच्या आयडीई केबलसारखी, पण आतली भाषा पूर्ण निराळी. डॉससाठी ड्रायव्हरची फ्लॉपी कंपनीच देई. युनिक्ससाठी ते देणार कोण? स्वयंसेवकांनी एकेका ड्राइव्हसाठी ड्रायव्हर लिहिले. फ्रीबीएसडीत मित्सुमीसाठी 'एमसीडी', सोनीसाठी 'एससीडी' आणि पॅनासॉनिकसाठी 'मॅटसीडी' असे तीन वेगळे ड्रायव्हर होते.

हे सारे ड्रायव्हर १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर कर्नलसोबत कोंबावे लागत, कारण पीसीला सीडीवरून सुरू होणे ठाऊकच नव्हते. तबकडीवर सहाशे-साडेसहाशे मेगाबाइटचा खजिना, आणि त्याची किल्ली एका फ्लॉपीवर. त्यातही ड्राइव्ह नेमका कोणत्या पत्त्यावर आहे हे कर्नलला आधी माहीत असावे लागे. 'एमसीडी' ड्रायव्हर मित्सुमीला हेक्साडेसिमल ३०० या पत्त्यावर शोधी. गंमत अशी की त्या काळच्या स्वस्त एनई२००० नेटवर्क कार्डांचाही नेहमीचा पत्ता ३०० हाच. दोघे एका यंत्रात आले की एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाई आणि पुष्कळदा यंत्र गोठे. बूट होताना '-सी' हा पर्याय देऊन पत्ते हाताने दुरुस्त करता येत. त्यासाठी आधी यंत्र उघडून कार्डावरचे जंपर वाचून घ्यावे लागत.

आणि एवढे करूनही ड्राइव्ह सापडलाच नाही, तर? तर डॉस सुरू करायचे, त्याच्या ड्रायव्हरने सीडी वाचायची, सगळ्या फाइली हार्ड डिस्कच्या डॉस विभागात उतरवायच्या आणि तिथून युनिक्स बसवायचे. फ्रीबीएसडीच्या स्थापनेत हा मार्ग अधिकृतपणे दिलेला होता. युनिक्सचे भक्त ज्या डॉसला नाके मुरडत, तेच कित्येकदा त्यांना उंबरठ्यापर्यंत आणून सोडी.

ही कोंडी फुटली ती १९९५ मध्ये. फिनिक्स आणि आयबीएम यांनी मांडलेल्या 'एल टोरिटो' या मानकाने पीसीला सीडीवरून सुरू होणे शिकवले. हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका रेस्टॉरंटचे. मानकाची युक्ती मोठी खाशी होती. सीडीवर फ्लॉपीची प्रतिमा ठेवायची आणि बायोसने संगणकाला सांगायचे की ही फ्लॉपीच आहे. पण हे सोंग कर्नल सुरू होईपर्यंतच टिके. त्यानंतर बायोस बाजूला होई आणि कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरनेच सीडी शोधावी लागे. म्हणून सीडीवरून सुरू झालेली स्थापना मध्येच 'सीडी-रॉम सापडला नाही' असे सांगे, तेव्हा वापरणारा चक्रावून जाई. दोन्ही विधाने खरीच होती. पुष्कळदा कारणही साधे निघे: आयडीई केबलवर एकट्याच असलेल्या ड्राइव्हचा जंपर 'मास्टर'ऐवजी 'स्लेव्ह'वर राहिलेला असे.

फाइलींच्या नावांची कथा थोडक्यात सांगण्यासारखी. नोव्हेंबर १९८५ मध्ये ॲपल, मायक्रोसॉफ्ट, डिजिटल, सोनी, फिलिप्स आदी कंपन्यांचे लोक लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात जमले आणि त्यांच्या आराखड्यातून १९८८ चे आयएसओ ९६६० हे मानक आले. त्याच्या पहिल्या पातळीवर नाव आठ अधिक तीन अक्षरांचे, तेही कॅपिटलमध्ये. युनिक्सची लांबलचक नावे, परवानग्या आणि दुवे त्यात बसेनात, म्हणून 'रॉक रिज' ही पुरवणी जोडली गेली. जुन्या कर्नलला ती कळली नाही, तर तबकडी वाचली जाऊनही हवी ती फाइल हव्या त्या नावाने सापडत नसे.

या साऱ्या खटाटोपाला आज वेगळेच महत्त्व आले आहे. त्या तबकड्या आता इतिहासाची साधने आहेत आणि त्या वाचायला गेलेल्या माणसासमोर जुनेच पेच उभे राहतात. आयरिक्सची तबकडी कोरी दिसते म्हणून ती रद्दीत जाऊ शकते. सनच्या तबकडीवर आयएसओ विभागाखेरीज निरनिराळ्या जातींच्या यंत्रांसाठी बूट-विभागही असतात, आणि साध्या पद्धतीने फक्त फाइली उतरवून घेतल्या तर नेमके ते मागे राहतात. मग जतन केलेल्या त्या प्रतीवरून कोणतेही यंत्र कधीच सुरू होत नाही. अशा तबकडीची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी प्रत घ्यावी लागते. ती प्रत नव्या रेकॉर्डेबल सीडीवर उतरवून जुन्या यंत्रात घातली तरी काही जुने ड्राइव्ह ती ओळखत नाहीत. पुनर्लेखनाच्या, म्हणजे आरडब्ल्यू, तबकडीवरून तर कारखान्यात छापलेल्या तबकडीच्या मानाने फारच कमी प्रकाश परततो.

म्हणून पुष्कळजण आता क्यूईएमयूसारख्या आभासी यंत्राचा आश्रय घेतात. तिथे तबकडी नाही, लेझर नाही, जंपर नाही, सोल्डर तर नाहीच नाही. तरीही सनओएस ४ बसवू पाहणाऱ्याला त्या आभासी सीडी-रॉम ड्राइव्हच्या वर्णनात ब्लॉकचे माप आपल्या हाताने लिहावे लागते: ५१२.