चोवीस वाट्यांचे मैदान : कपकेकच्या सजावटीमागचा शतकाचा इतिहास

१/ आजच्या धाग्याचा विषय वाचून काहीजण हसतील. कपकेक एकमेकांना खेटून मांडायचे आणि त्यांवर क्रिकेटचे मैदान रचायचे, असा एक केक आता मुलांच्या वाढदिवसाला आणि गावच्या संघाने चषक आणल्यावर मुंबईइतकाच अलिबाग-रेवसच्या पट्ट्यातही मांडला जातो. तो सजवायला चार गोष्टी लागतात : कप, हिरवे आयसिंग, बिस्किटाचा चुरा आणि साखर. यांतल्या दोन गोष्टींवरून याच महाराष्ट्रात माणसे पंक्तीबाहेर बसली आहेत.

२/ आधी स्थळ. रेवस हे अलिबाग तालुक्याचे उत्तर टोक, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले. समोर उरणचे करंजा, पलीकडे मुंबई. खाडीपुलांच्या आधी या भागाचा मुंबईशी व्यवहार भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींवर चाले. पगार, पत्रे, औषधे आणि मुलांचा खाऊ, सारे याच वाटेने उतरे.

३/ ही वाट स्वस्त नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेल्यांची ती बोट होती. या किनाऱ्यावर मुंबईचा खाऊ म्हटला की जुन्या माणसांना धक्क्यावर वाट पाहणेही आठवते, ते यामुळे.

४/ आता मांडणी. गोल कप चौकोनात मांडले तर मध्ये मोठ्या फटी राहतात. म्हणून ओळी सरकवून घ्यायच्या : चार, पाच, सहा, पाच, चार. एकूण चोवीस. दोन्ही संघांचे मिळून बावीस खेळाडू आणि दोन पंच, असा हिशेबही जुळतो. प्रत्येक कपाच्या बुडाला आयसिंगचा ठिपका लावून तो पाटावर चिकटवायचा, म्हणजे उचलताना मैदान घसरत नाही.

५/ कपकेक हे नाव कुठून आले? १७९६ साली अमेरिकेत निघालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कपकेक’ हे नावच येते. नावाला दोन अर्थ चिकटले : कपात भाजलेला, आणि कपाने मोजलेला. तोवर लोणी, साखर, पीठ तराजूत तोलत. कप आला आणि तराजूची गरज सरली.

६/ मराठी स्वयंपाकघराला यात नवे काही वाटू नये. आपली वाटी पूर्वीपासून ही दोन्ही कामे करते. फणसाच्या रसातला रवा वाटीत घालून वाफवला की सांदण होते, म्हणजे वाटी हा साचा. आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणांनी घरोघरच्या नवशिक्यांना हात धरून शिकवले, म्हणजे वाटी हे मापही.

७/ भट्टी नव्हती म्हणून भाजणे नव्हते, असेही नाही. कुलाबा जिल्ह्यात पूर्वापार वस्ती असलेल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत भानोले आणि निनाव होतात. पातेल्याखाली निखारे, झाकणावरही निखारे, आणि मधल्या धगीत पदार्थ फुलतो, वरून तांबूस होतो. निनावात गूळ, नारळाचे दूध आणि पीठ असते. त्याला केक कोणी म्हणाले नाही, एवढेच.

८/ मग अडचण कुठे होती? ती पावात होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला स्थिरावले. पाव हा शब्द त्यांचाच. किनाऱ्यावर पीठ आंबवायला ताडी-माडी हाताशी होती. पण पाव परधर्मीयांच्या भट्टीतला, कोणाच्या हातचा ते ठाऊक नसलेला. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत कोकणात पुढे कित्येक पिढ्या टिकली. बिस्किट त्याच भट्टीतून निघाले आणि तोच डाग घेऊन आले.

९/ आपल्या केकवर खेळपट्टी करायची ती याच बिस्किटाची. साधी गव्हाची बिस्किटे लाटण्याने बारीक चुरायची, मैदानाच्या मधोमध दोन बोटे रुंद पट्टा मोकळा ठेवायचा आणि त्यात चुरा दाबून बसवायचा. रंग थेट उन्हाळ्यातल्या कोरड्या खेळपट्टीचा येतो. काम पाच मिनिटांचे. पण या चुऱ्याने एकदा पुणे शहर दोन वर्षे ढवळून काढले होते.

१०/ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. नंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ यजमानांचा मान राखला, असे सांगतात. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी (हे डॉ. आनंदीबाईंचे पती) नावांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली.

११/ प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, ग्रामण्य उभे राहिले. घरच्या कार्याला भटजी मिळेना, सोयरे पंक्तीला येईनात. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचे सुधारक मित्रच खट्टू झाले. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्या माणसाला एका पेल्याचा आणि बिस्किटाचा हिशेब द्यावा लागला, ही त्या काळाची मोजपट्टी.

१२/ आता हिरवळ. अनेक छिद्रांचे नोझल कपावर टेकवायचे, दाबायचे आणि झटकन वर उचलायचे. गवताची जुडी उभी राहते. आधी फटी जाड थराने बुजवून घ्यायच्या, मग गवत काढायचे. चोवीस कपांचे एक मैदान इथे होते. खऱ्या मैदानावर ते इतके सहज झाले नव्हते.

१३/ मुंबईत पारशी तरुण क्रिकेट खेळू लागले; त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. १८८० च्या सुमारास एस्प्लनेड मैदानावर मोजक्या युरोपियनांच्या पोलोचे घोडे धावत आणि शेकडो देशी मुलांच्या खेळपट्ट्या टापांखाली उखडत. अर्ज-विनंत्या झाल्या, वर्तमानपत्रांत वाद झाले. पुढे समुद्र हटवून काढलेल्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. हिरवळ मिळाली, पण जमातवार वाटलेली.

१४/ आणि आता कप. बाळू पालवणकर, जन्म १८७६, चांभार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता सरावाला गोलंदाजी टाकत ते घडले. पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्याला कोणी विटाळ मानत नसे.

१५/ चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर, पिऊन फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे. ज्याच्या बोटांवर सामना जिंकायचा, त्याच्या ओठांना लागलेला कप मात्र चालत नव्हता.

१६/ याच पुण्यात जाहीर समारंभात बाळूंच्या गळ्यात हार घातला तो रानड्यांनी. पंचहौदच्या चहाची किंमत मोजलेल्या माणसाच्या हातून तो हार पडावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते, आणि सुधारकी पत्रांनी विजयाइतकेच लक्ष वेधले ते सहकाऱ्यांनी या भावांसह केलेल्या सहभोजनाकडे.

१७/ १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि संघ त्या वर्षी चौरंगी स्पर्धा जिंकला.

१८/ स्पर्धाही जमातींच्याच होत्या. १९३७ पासून पाचवा संघ आला, त्याचे नावच ‘इतर’ : भारतीय ख्रिस्ती, ज्यू आणि उरलेले सारे. रेवसच्या दक्षिणेला नवगाव आहे. बेने इस्रायलींचे पूर्वज गलबत फुटून तिथे किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. घरात मराठी बोलणारा हा समाज. पण त्यातल्या एखाद्या मुलाला या मैदानावर उतरायचे तर ‘इतर’ म्हणूनच. याच संघाकडून विजय हजारे यांनी १९४३ मध्ये एकूण ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद झाली.

१९/ कपाचा प्रश्न क्रिकेटपुरता नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाड आणि रेवस तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये त्याचेच नाव रायगड झाले. ओंजळ हा तर सर्वांत जुना कप, आणि तोही सार्वजनिक तळ्यावर नाकारला गेला होता.

२०/ मग पाव-बिस्किट-केकचा विटाळ गेला कसा? परिषदांनी थोडा, आणि भुकेने व गर्दीने पुष्कळ. मुंबईत गिरणी, गोदी, कचेरीत राबणाऱ्यांना झटपट आणि स्वस्त खाणे हवे होते. इराण्यांच्या हॉटेलांत जात न विचारता खुर्ची मिळे. ग्रँट रोड स्टेशनजवळचे बी. मेरवान १९१४ चे. तिथला मावा केक कागदी कपात येई. आपल्याकडचा खरा जुना कपकेक तोच. आतड्याला सवय झाली की शास्त्राधार कोणी विचारत नाही.

२१/ शेवटची वस्तू साखर. यष्ट्या, बॅट, लाल चेंडू साखरेच्या लगद्याचे करतात. ही कला परकी नाही : हलव्याचे दागिने आणि पाडव्याच्या साखरगाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. फरक हवेचा. साखर हवेतली ओल ओढते आणि खाडीकाठी ओल भरपूर, त्यामुळे चेंडू तासाभरात घामेजतो, बॅट वाकते. लोण्याचे आयसिंग तर उन्हाळ्यात उभे राहत नाही. म्हणून इथला शहाणा हात हे तुकडे आदल्या दिवशी वाळवून, बंद डब्यात ठेवतो आणि पाहुणे आले की मगच मैदानात उतरवतो.

२२/ आणि वाटप. अखंड केक कापायला सुरी लागते, आणि पहिला तुकडा कोणाचा हा मानही येतो. हे मैदान हाताने सुटते. एक कप उचलला की शेजारच्या कपावरचे थोडे गवत त्याच्याबरोबर येते, खेळपट्टीवरचा असेल तर बिस्किटाचा चुराही. प्रत्येकाचा कप वेगळा, पण तो कोणासाठी वेगळा काढून ठेवलेला नाही. चोवीसपैकी कुठलाही कोणीही उचलावा.

२३/ भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत टेनिस चेंडूचे सामने खेळून आलेली मुले तो उचलतात तेव्हा हात धुण्याचीही वाट पाहत नाहीत. बाळू पालवणकर १९५५ मध्ये वारले. हा पाट त्यांनी पाहिला असता तर त्यांची नजर बहुधा हिरवळीवर नव्हे, कपांवर गेली असती, आणि सर्व कप एकाच जातीच्या कागदाचे आहेत ना, हे त्यांनी आधी पाहिले असते.

२४/ धागा इथे संपतो. पोस्टही चोवीसच झाल्या. आपल्या घरात पाव, बिस्किट किंवा केक पहिल्यांदा कोणी आणला, आणि तेव्हा घरातले कोण काय बोलले, हे आजी-आजोबांना विचारून जरूर लिहा. रेवस, मांडवा, थळ, चौल भागातल्या वाचकांनी भानोल्या-निनावाच्या आठवणीही सांगाव्यात. गडांच्या नोंदी पुष्कळ झाल्या. पंक्तीच्या नोंदी अजून माणसांच्या तोंडीच आहेत, आणि ती माणसे आता थकली आहेत.