निधी शहराचा, निर्णय वस्तीचा

विशेष प्रतिनिधी

जुन्या वस्त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी येणारा सार्वजनिक निधी कोठे खर्च करायचा, हे बहुतेक शहरांत अधिकारी आणि लोकप्रतिनिधी ठरवितात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहराने मात्र सुमारे वीस वर्षे हा अधिकार मोठ्या प्रमाणात वस्त्यांकडे सोपविला होता. 'नेबरहूड रिव्हायटलायझेशन प्रोग्रॅम' अर्थात 'एनआरपी' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्याचे यश आणि मर्यादा दोन्ही अभ्यासण्याजोगे आहेत.

पैसा कोठून आला?

१९८० च्या दशकात मिनियापोलिसच्या मध्यवर्ती व्यापारी भागात मोठी गुंतवणूक झाली. निवासी वस्त्यांतील घरे मात्र जुनी होत होती आणि मध्यमवर्गीय कुटुंबे उपनगरांची वाट धरत होती. या पार्श्वभूमीवर १९९० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. दरवर्षी २ कोटी डॉलर याप्रमाणे २० वर्षे वस्त्यांना निधी देण्याचे ठरले. पुनर्विकासामुळे मालमत्तेचे मूल्य वाढले, की त्या वाढीवर मिळणारा कर बाजूला काढून विकासासाठी वापरण्याची पद्धत तेथे आहे. व्यापारी भागातील अशाच प्रकल्पांच्या उत्पन्नातून हा निधी उभा राहिला.

निर्णयाच्या पायऱ्या

शहर ८० हून अधिक वस्त्यांत विभागलेले आहे. सहभागी होऊ इच्छिणाऱ्या वस्तीच्या संघटनेला प्रथम करार करावा लागे. भाडेकरू, अल्पसंख्याक अशा सर्व घटकांपर्यंत आपण कसे पोहोचणार, हे त्यात नमूद करणे अपेक्षित होते. त्यानंतर सुकाणू समिती, घरोघरी पाहणी, बैठका आणि अखेरीस कृती आराखडा असा क्रम असे. आराखड्याला आधी रहिवाशांनी संमती द्यायची, मग महापालिका, काउंटी, शाळा व उद्यान मंडळे आणि वस्त्यांचे प्रतिनिधी असलेल्या धोरण मंडळाने, तसेच नगर परिषदेने मंजुरी द्यायची, अशी रचना होती. निधीपैकी किमान ५२.५ टक्के रक्कम घरांशी संबंधित कामांवर खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घातले होते. उर्वरित रकमेतून उद्याने, शाळा, पथदिवे, बाजारपेठा अशी कामे झाली.

आवाज कोणाचा?

वादाचा मुद्दा येथेच उपस्थित झाला. बैठकांना घरमालक अधिक संख्येने येत. भाडेकरू आणि नव्याने आलेले स्थलांतरित कमी दिसत. साहजिकच घरदुरुस्तीच्या कर्जांना प्राधान्य मिळाले आणि भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा प्रश्न अनेक ठिकाणी मागे पडला. ज्याला बैठकीसाठी सायंकाळ मोकळी ठेवता येते, त्याचेच मत नोंदले जाते, हा अनुभव होता. दुसरीकडे, या प्रक्रियेतून वस्त्यांच्या संघटना बळकट झाल्या आणि सरकारी यंत्रणेशी बरोबरीने बोलू लागल्या, हेही अभ्यासकांनी मान्य केले आहे.

२००१ मध्ये राज्याने मालमत्ता करात बदल केल्यानंतर उत्पन्नाचा स्रोत आटला आणि दुसऱ्या टप्प्याला मोठी कात्री लागली. २०११ मध्ये कार्यक्रमाची स्वतंत्र यंत्रणा संपुष्टात आली आणि वस्त्यांचे काम महापालिकेच्या विभागाकडे गेले.

पुण्याचा अनुभव

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची सुरुवात केली. पुणे महापालिकेने २००६ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पदपथ, दिवे, बाक अशी स्थानिक कामे सुचवायची आणि एका कामाचा खर्च ५ लाख रुपयांच्या आत असावा, अशी ही पद्धत आहे. तथापि, सूचना नागरिकांची असली तरी निवडीचा अधिकार प्रभाग समिती व प्रशासनाकडेच ठेवण्यात आला. मिनियापोलिसमध्ये रहिवासी संपूर्ण आराखड्याला संमती देत; पुण्यात ते कामांची यादी देतात. हा फरक मूलभूत आहे.

म्हणूनच अशा कोणत्याही योजनेकडे पाहताना नागरिकांनी तीन प्रश्न विचारायला हवेत. रक्कम आधी जाहीर झाली आहे काय? अंतिम निवड कोण करणार? आणि बैठकीला येऊ न शकणाऱ्यांचे मत घेण्याची व्यवस्था कोणती? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिनियापोलिसलाही वीस वर्षांत पूर्णपणे सापडले नाही.