आमचं गाव शिवसागरात

मे महिना आला की आमच्या घाटकोपरच्या चाळीत निम्म्या खोल्यांना कुलपं लागायची. कुणी कोकणात, कुणी जुन्नरकडे. "मास्तर, तुम्ही नाही जात गावाला?" हे दरवर्षी ऐकावं लागे. आता काय सांगणार? आमचं गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे!

जावळी तालुक्यात, नदीच्या काठी, समोर वासोटा. खाली काठाला भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसायचा नाही. इरली पांघरून बायका लावणी करायच्या. तरणे पुरुष बहुतेक मुंबईला, मशीद बंदरला ओझी वाहायला. माझे वडीलही त्यातलेच. 'माथाडी' या शब्दाला मान आला तो १९६९ च्या कायद्यानंतर. तेव्हा सरळ हमाल म्हणत. त्यांची मनीऑर्डर आली की आई चुलत्यांकडून पत्र वाचून घ्यायची.

शेजारच्या घरातला माझा एक दोस्त होता. पहिल्या पावसात ओढ्याला खेकडे धरायला आम्ही जायचो. तो बिळात बिनधास्त हात घालायचा, मी टोपली धरायचो. (भाजलेल्या खेकड्याची वाटणी मात्र समान!)

धरणाचं काम १९५४ च्या सुमारास सुरू झालं. पाणी येणार हे गावाला माहीत होतं, पण नदी एवढी चढेल हे कुणाला खरं वाटत नव्हतं. मग १९६१ मध्ये लोकांनी आपल्याच हातांनी आपली घरं उतरवली. वासे, तुळया, दारं, जे चालेल ते घेतलं. माझ्या थोरल्या चुलतीनं जातं सोडलं नाही. नव्या ठिकाणी पिठाची गिरणी होती, तरी ते जातं तिच्या दाराशी शेवटपर्यंत होतं.

कोयनेची माणसं ठाणे, कुलाबा (आजचा रायगड), रत्नागिरी, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. आमच्या गावाचेही तीन तुकडे झाले. काही भिवंडीकडे, काही सोलापूरकडे, आणि काहीजण 'लांब नको' म्हणून तिथेच वर डोंगरावर सरकले. देव एकच, तो वरच्यांकडे राहिला. सोलापूरकडे गेलेल्यांचे हाल वेगळेच. जन्मभर भात-नाचणी पिकवलेल्यांच्या हाती ज्वारीची कोरडी जमीन आली. पेरणी कधी करायची हेसुद्धा दुसऱ्याला विचारायचं! प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. तोवर आमची मुलं बाप्ये झाली होती. वर सरकलेल्यांच्या भोवतीचं रान १९८५ मध्ये अभयारण्य झालं.

आम्ही घाटकोपरला वडिलांच्या खोलीत आलो. १९६२ साली पोफळीला वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे शिक्षक झाल्यावर भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर आकृती काढायचो: १०३ मीटर उंचीची भिंत, मागे शिवसागर, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा, खाली पोफळी. खरं तर कोयनेनं कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण हे पाणी पश्चिमेला उतरतं, वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. मुलं डोळे विस्फारून ऐकायची. मीही हे अभिमानानंच शिकवलं. वीज नको होती असं मी आजही म्हणणार नाही. पण पाठ्यपुस्तकातल्या 'महाराष्ट्राच्या भाग्यरेखे'त चुलतीचं जातं कुठे बसवायचं, ते मला कधी जमलं नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धक्का मुंबईतही जाणवला. तिकडे दीडशेहून जास्त माणसं गेली. वडील दिवसभर रेडिओपाशी बसून होते.

तो खेकडेवाला दोस्त सोलापूर जिल्ह्यात असतो. आता ऐकायला कमी येतं त्याला, म्हणून फोनवर ओरडून बोलावं लागतं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की चौथरे उघडे पडतात, असं वरचे लोक सांगतात. तेवढ्यावरून आमचा वाद सुरू होतो. देवळाला लागून होता तो पिंपळ की उंबर? तो म्हणतो उंबर. मी म्हणतो पिंपळ. निकाल देईल असं वडीलधारं माणूस आता उरलेलं नाही. परवा तर अर्धा तास भांडलो, आणि शेवटी त्यानं रागानं फोनच ठेवला.